आईची शिदोरी संपल्यावर: मैनाच्या रक्तक्षयाची नोंद

मैनाला टेबलावर ठेवलं, वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि मी थोडा वेळ गप्पच राहिले. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्या की तेवढी जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. मैनाच्या हिरड्या दाबण्याआधीच कोऱ्या मांजरपाटासारख्या दिसत होत्या. कानाची पाळी उलटी केली तर आत एरंडाच्या बीएवढे टम्म फुगलेले चार-पाच गोचीड. डोळ्यांभोवतीचे केस गेलेले, पुढच्या पायांवर दोन टक्कल पडलेले चट्टे. अंगावर मांस नाही, पोट मात्र ढोलकीसारखं. वजन ४.२ किलो. वय साडेचार महिने धरलं तर आपल्या गावठी पिल्लाचं वजन या वेळेला याच्या जवळपास दुप्पट असायला हवं. ताप १०३.४ अंश, कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. स्टेथोस्कोप लावला तर ठोके जलद आणि त्यामागे बारीकशी घरघर, रक्त पातळ झालं की येते तशी.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. साताऱ्याच्या माझ्या दवाखान्यात तिला घेऊन आजी, त्यांची सून आणि दहा वर्षांचा नातू आले होते. घरच्यांच्या परवानगीने हे लिहितेय. माणसांची नावं गाळली आहेत, मैनाचं नाव बदलायला मात्र आजींनी साफ नकार दिला.

आषाढी एकादशीच्या सुमारास भर पावसात नातवाला ती एका टपरीखाली सापडली. आई गाडीखाली गेली होती. तेव्हा पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं असावं. घरी आणल्यावर आठवडाभरात सुनेने एका दवाखान्यात नेऊन लशीचा पहिला डोस आणि जंताचं औषध दिलं. पुढचा डोस तीन आठवड्यांनी होता, तो राहिला. राहिला म्हणजे विसरला नाही, घरच्यांनी ठरवून दिला नाही. आजी मला सरळ म्हणाल्या, ‘‘डॉक्टरताई, एवढुसा जीव. त्याला किती सुया टोचायच्या? म्हटलं, त्यापेक्षा त्याची आतली ताकद वाढवावी. आम्ही नातवंडं अशीच वाढवली.’’

मग त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. हळदीच्या दुधाची बाटली. तुळशीचा रस. गुळवेलीचा काढा. ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ असं छापलेलं, फळाच्या वासाचं एक सिरप. अंगाला लावायचं कडुलिंबाचं तेल. आणि चट्ट्यांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेलं माणसांचं मलम. हे सगळं त्या घरात रोज, वेळच्या वेळी, मनापासून चाललं होतं. मैनाकडे दुर्लक्ष झालं असं म्हणायला कुठेही जागा नव्हती. उलट इतकं लक्ष दिलेलं पिल्लू माझ्याकडे क्वचित येतं. म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. करोनानंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द घराघरात शिरला आणि माणसांवरून तो पाळीव जनावरांवरही आला. प्रेमाने केलेल्या इतक्या उपायांमागून एखादं पिल्लू पांढरं पडतं, तर त्यात नेमकं काय घडत असतं, हे नीट बघायला हवं.

त्या दिवशी मी रक्त आणि शी दोन्ही तपासायला घेतलं. हिमोग्लोबिन ६.९ आलं, कुत्र्याचं १२ ते १८ असतं. प्लेटलेट ५८ हजार, निदान २ लाख तरी हव्यात. शीमध्ये हुकवर्मची, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या जंतांची, अंडी ढिगाने. गोचीडतापाची किट चाचणी पॉझिटिव्ह. चट्ट्यावरची त्वचा खरवडून भिंगाखाली पाहिली तर डेमोडेक्स, म्हणजे खरजेचे लांबट सिगारच्या आकाराचे किडे, वळवळताना दिसले. हे किडे जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतात, जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लावर येतात आणि आयुष्यभर गुपचूप राहतात. शरीर थकलं की ते माजतात. दुकानातल्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने खाज थांबली, लाली गेली, घरच्यांना बरं वाटलं. पण त्या जागेचा पहारा उठला आणि चट्टा पसरला.

आणखी एक शक्यता मला तपासायची होती. कधीकधी कुत्र्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटते आणि त्या फोडत सुटते. त्यातही हिरड्या अशाच पांढऱ्या पडतात. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळून मी पट्टी हलवत पाहिली. पेशींचे पुंजके झाले असते तर उपचार एकदम उलट्या दिशेने गेले असते, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली असती. पुंजके झाले नाहीत. आजींनी विचारलं, काय बघताय? मी सांगितलं. त्यांना ते फार नवल वाटलं. आतली ताकद जास्त झाली तरी आजार होतो? होतो. अ‍ॅलर्जी तोच प्रकार, सांध्यांचे काही आजारही तेच. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्यच मला खटकतं. ती भाताच्या आधणासारखी असते. मोठ्या आचेवर उतू जाते आणि आच गेली की शिजत नाही.

रक्त चढवायचं का, हा त्या दुपारचा खरा प्रश्न होता. ६.९ आकडा वाईट, पण मैना स्वतःच्या पायावर उभी होती, हातातलं बिस्कीट तिने घेतलं, श्वास लागलेला नव्हता. हुकवर्म हळूहळू रक्त पितात, त्यामुळे शरीर कमी रक्तावर चालायला शिकलेलं असतं. ओळखीच्या एका धडधाकट लॅब्राडोरच्या मालकांना फोन करून ठेवला, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची तयारी ठेवली आणि ४८ तास वाट पाहायचं ठरवलं. त्या दोन रात्री मी घरी जाऊन नीट झोपले असं सांगू शकत नाही.

हुकवर्मचा हिशेब घरच्यांना कागदावर करून दाखवला. एक किडा दिवसाला साधारण ०.१ मिलीलिटर रक्त गमावायला लावतो. आतड्यात शंभर किडे असले तर दिवसाला १० मिली. चार किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त साडेतीनशे मिलीच्या आसपास. म्हणजे महिन्याभरात अंगातल्या जवळजवळ सगळ्या रक्ताइतकं रक्त जातं, आणि हाडांतला मगज ते भरून काढायला रात्रंदिवस राबतो. त्यात गोचीड वरून पितायत ते वेगळंच, आणि त्यांनी लाळेतून सोडलेला एर्लिकिया नावाचा जंतू प्लेटलेट घटवतोय. या पिल्लाला ताकद देणारं काहीही पाजलं तरी ते गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखं होतं. आधी भोक बुजवायचं. आजींना ही घागर लगेच कळली. त्यांनी सिरपची बाटली स्वतःच उचलून परत पिशवीत टाकली.

उपचार साधे होते. हुकवर्मवर जंताचं औषध, आणि अळ्या मोठ्या होऊन परत आतड्यात उतरतात म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा. गोचीडतापासाठी डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक, पूर्ण २८ दिवस, चौथ्या दिवशी ताप उतरला तरी बंद करायचं नाही. गोचीड आणि डेमोडेक्स दोन्हींवर चालणारी एकच महिन्याची गोळी, वजनावर मोजून. आणि लोहाचं औषध. इथे एक बारकावा आहे जो चिठ्ठीवर लिहिला नाही तर सगळं फुकट जातं: लोह आणि डॉक्सिसायक्लीन एकत्र दिलं तर दोन्ही पोटात एकमेकांना धरून बसतात आणि अंगी लागत नाहीत. दुधाबरोबरही डॉक्सिसायक्लीनची गोळी देऊ नये. म्हणून ती गोळी सकाळी खाण्याबरोबर, वर चार घास आणि पाणी, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते, लोह संध्याकाळी. नातवाने तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि २८ चौकोन आखले.

पाचव्या दिवशी ते परत आले. ताप नव्हता, शेपटी हलत होती, प्लेटलेट वर चढायला लागल्या होत्या. पण हिमोग्लोबिन ६.८. रक्त गळायचं थांबलं असेल तर आकडा निदान खाली जायला नको. मी काचपट्टी दुसऱ्या रंगात रंगवून पाहिली, न्यू मिथिलीन ब्ल्यूमध्ये. तांबड्या पेशींच्या कडेला निळे बारीक फोड दिसले, जणू कुणी पेशीला आतून टाचणीने उचकटलं होतं. याला हाइन्झ बॉडी म्हणतात. पेशीतलं हिमोग्लोबिन जळाल्यासारखं होऊन गोळा झालं की असं दिसतं. कुत्र्यामांजरांत याचं सगळ्यात घरगुती कारण कांदा आणि लसूण.

मी विचारलं, ‘‘आजी, हिला लसूण देता का?’’

‘‘रोज देतो की. दोन पाकळ्या ठेचून पोळीत. गोचीड आणि जंत दोन्हींवर चांगला म्हणतात.’’

‘‘पहिल्या दिवशी सांगितलं नाहीत?’’

‘‘तुम्ही औषधं विचारलीत. लसूण काय औषध आहे?’’

बरोबर होतं त्यांचं. चूक माझी होती. मी ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारलं होतं. विचारायला हवं होतं ते हे, की सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत हिच्या तोंडात काय काय जातं. तेव्हापासून मी प्रत्येक घराला असंच विचारते आणि उत्तर लिहून घेते. लसणाचं विष कुत्र्यांत कांद्यापेक्षा जास्त तीव्र असतं, शिजवल्याने किंवा वाळवल्याने ते जात नाही. थोडं थोडं रोज दिलं तरी साठत जातं. मैनाच्या रक्तक्षयात मोठा वाटा हुकवर्मचाच होता असं माझं मत आहे, लसणाने वरून भर घातली. पण ज्या पेशी मगज मोठ्या कष्टाने तयार करत होता, त्या लसूण फोडत होता. लसूण त्याच दिवशी बंद झाला. पुढच्या दहा दिवसांत हिमोग्लोबिन ६.८ वरून ९.१ वर आलं.

त्या भेटीत पिशवीतल्या बाकीच्या गोष्टींचाही निकाल लावला. चिमूटभर हळद खाण्यात पडली तर बिघडत नाही. पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये. तुळशीची दोन पानं मैनाने खाल्ली तर खुशाल खाऊ द्या. तुळशीचा काढलेला अर्क किंवा तेल मात्र नको, वनस्पती घट्ट केली की ती दुसरीच वस्तू होते. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातलीत तर वास बरा येईल, पण कातडीत तोंड रुतवून बसलेला गोचीड त्याने सुटत नाही. कडुलिंबाचं तेल पिल्लू चाटतं आणि मग उलट्या करतं. गुळवेल बंद. तिची कुत्र्याला किती मात्रा द्यायची याला काही आधार नाही, आणि माणसांतही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली हेही खरं. पण ४ किलोच्या पिल्लावर तो वाद सोडवायची ही जागा नव्हे. शेजारच्यांनी गोचिडांवर रॉकेल सुचवलं होतं, तेही नको. गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही.

घरात मांजर असेल तर हा सगळा हात आणखी आखडता घ्यायला हवा. मांजराच्या यकृताला अनेक रसायनं निकामी करता येत नाहीत. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन ते दगावू शकतं, आणि तापासाठी घरात असलेली पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेते. नैसर्गिक म्हणून जाळलेल्या किंवा चोळलेल्या सुगंधी तेलांचंही तसंच.

आता खाणं. इथे या घरात खरी कसोटी होती. मैना दूध-पोळी, वरण-भात आणि तूप यावर वाढत होती. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, पाणी वजा जाता, निदान २२ टक्के प्रथिनं लागतात. पोळीत त्याच्या निम्मीच असतात, आणि दुधाने बहुतेक मोठ्या पिल्लांचं पोट ढिलं होतं, कारण दूध तुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना पकडणाऱ्या अँटिबॉडी, ही प्रथिनंच. हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिन आणि लोह. आतड्याचं अस्तर, कातडी, सगळं प्रथिनांचं. कच्चा माल नसताना शरीराने शिपाई कशाचे उभे करायचे?

पण आजींच्या स्वयंपाकघरात अंडं शिजत नाही. मी तो विषय काढताना जरा घुटमळले. शाकाहारी खाण्यावर कुत्रं जगू शकतं, ते नीट जमवलं तर. मांजराचं मात्र मांसाशिवाय चालत नाही, टॉरिन नावाचं मांसातलं पोषकद्रव्य त्याला बाहेरूनच घ्यावं लागतं. मैनासाठी पनीर, दही, मूगडाळ आणि पिल्लांचं तयार कोरडं खाद्य असा मार्ग मी सुचवला. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अंड्याने लवकर भरेल का?’’ लवकर भरेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मागच्या गॅलरीत जुनी विजेची शेगडी आणि कान तुटलेलं एक पातेलं आलं. नातू शाळेतून आला की अंडं उकडायचा, सोलायचा, कुस्करायचा. आजी दारात उभ्या राहून लांबून सूचना द्यायच्या. टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात अगदी पिठासारखी दळली. एक चहाचा चमचा भुकटीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा मोजून, घरच्या खाण्याच्या वाट्यापुरतंच घालायचं. तयार खाद्यात कॅल्शियम आधीच असतं, वाढत्या हाडांना ते जास्त झालं तरीही वाईटच.

शेवटी बेत असा ठरला: निम्मं पोट तयार खाद्याने, निम्मं घरचं. घरच्यात अंडं किंवा पनीर, मऊ भात, शिजवलेला भोपळा किंवा गाजर, एक चमचा गोडं दही. मीठ, कांदा, लसूण, फोडणी काही नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. दोन आठवड्यांत शी बांधून यायला लागली. माझ्या दृष्टीने ही हिमोग्लोबिनइतकीच मोठी बातमी होती, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याभोवतीच तळ ठोकून असतो.

अंगण राहिलं होतं. हुकवर्मची अंडी शीतून मातीत पडतात आणि उबदार ओल्या जागी आठवड्याभरात त्यांच्या अळ्या होतात. त्या पिल्लाच्या पंजातून आत जातात आणि अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या तळव्यातूनही. म्हणून शी त्याच दिवशी उचलायची, ओली माती उकरून उन्हाला टाकायची, नातवाने चप्पल घालायची. तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत चढते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकी सगळे घराला बिलगून असतात. सुनेच्या नवऱ्याने रविवारी बसून दगडी भिंतीच्या फटी सिमेंटने भरल्या. ही सगळी गवंडीकामं, साफसफाई, अंडी सोलणं, यांना मी मैनाचा मुख्य उपचार मानते. पूर्णपणे नैसर्गिक उपचार, कुठल्याही बाटलीवर न छापलेला.

झोपेचा नियमही नातवाकडेच दिला. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं आणि ते झोपू द्यायचं असतं. तो शाळेतून येऊन तिला उठवायचा, मित्र आले की पुन्हा उठवायचा. आता झोपलेल्या मैनाला हात लावायचा नाही, असं ठरलं. त्याने ते पाळलं.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी मैना पलंगाखाली गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आली नाही. अन्नाला तोंड लावलं नाही, शी पुन्हा पातळ झाली. भीतीने अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते संकटापुरतं ठीक, पण रेंगाळलं तर प्रतिकाराच्या पेशींना गप्प बसवतं, थोडंसं त्या मलमातल्या स्टेरॉइडसारखंच. आधीच सांगून ठेवायला हवं होतं, ते सुनेचा फोन आल्यावर सांगितलं: तिला ओढून बाहेर काढू नका, पलंगाला चारी बाजूंनी जाड चादरी सोडा, आत तिची गोधडी ठेवा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, कुणीतरी जवळ बसून राहा. आजी बसल्या. फराळाबद्दलही बजावलं, कारण लाडवातला बेदाणा आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. भाऊबीजेपर्यंत ती खायला लागली.

या सगळ्यात लस अजून बाकी होती. आजारी पिल्लाला लस देत नाहीत, म्हणून तोवर मैनाला रस्त्यावर नेणं आणि दुसऱ्या कुत्र्यांजवळ सोडणं पूर्ण बंद ठेवलं होतं. ती ज्या टपरीखाली सापडली, तिथलीच दुसरी तीन पिल्लं गणपतीनंतर रक्ताची हगवण लागून मेली होती. मी पाहिली नाहीत, पण वर्णन पार्व्होचंच होतं. हा विषाणू १९७८ च्या सुमारास कुत्र्यांत जगभर पसरला. तो मातीत महिनोन्महिने टिकतो, सॅनिटायझरला दाद देत नाही. ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून फरशी पुसली तर मरतो. आणि तो आतड्याच्या अस्तराबरोबर हाडातला मगजही मारतो, म्हणजे लढायला लागणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कारखानाच बंद करतो.

आजींना सुयांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खरा होता. एक डोस दिला तर तो पुरत का नाही? मी त्यांना खरवसाचं सांगितलं. गाय व्याली की पहिला चीक वासराला पोटभर मिळाल्याशिवाय खरवसाला हात लावायचा नाही, हे गोठा सांभाळलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुत्रीचंही तसंच. पोटात असताना पिल्लाला आईची प्रतिपिंडं अगदी थोडी मिळतात. बाकी सगळी चिकातून, आणि तीही जन्मानंतर पहिल्या दिवसात, कारण मग आतड्याचं ते दार बंद होतं. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. ती ६ ते १६ आठवड्यांच्या मध्ये कधीतरी संपते. एकाच वेताच्या दोन पिल्लांचीसुद्धा वेगवेगळ्या दिवशी. शिदोरी शिल्लक असेपर्यंत ती लशीलाही शत्रू समजून संपवते, त्यामुळे दिलेला डोस रुजत नाही. शिदोरी संपली आणि लस नाही, तर पिल्लू उघड्यावर. तो दिवस बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर पडेल असं बघायचं, असं वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या सूचनांमध्येही आहे. मैनाचा एकुलता एक डोस सहाव्या आठवड्यातला, भरल्या शिदोरीवरचा. तो मी जमेस धरलाच नाही.

आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे ही सुई ताकद देत नाही, शिकवते.’’ मला हे कधी इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. लस शरीरात ताकद घालत नाही, शरीराची स्वतःचीच ताकद कामाला लावते. माझ्या मते प्रतिकारशक्तीला मदत करण्याचा याहून नैसर्गिक मार्ग दुसरा नाही, आणि रेबीजच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही, कारण लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.४ झालं, प्लेटलेट २ लाख ४० हजार, २८ चौकोन भरलेले. त्या दिवशी पहिला डोस दिला. पुढचा डोस आणि रेबीजची लस चार आठवड्यांनी. सुई टोचताना नातवाने तिचं डोकं छातीशी धरलं होतं आणि आजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. दुसऱ्या वेळी त्या बघत होत्या.

डिसेंबरात एक छोटं भांडण झालं. मैना भरायला लागली तसं आजींचं तूप परत सुरू झालं, आधीच्या दिवसांची भरपाई म्हणून. लॅब्राडोर कुत्र्यांवरचा एक जुना अभ्यास मी त्यांना सांगितला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला: ४८ कुत्री, निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी सरासरी १.८ वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांध्यांचे आजारही उशिरा सुरू झाले. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढं मांस पुरे. तूप आठवड्यातून एकदा, अर्धा चमचा, यावर तह झाला.

संक्रांतीच्या दिवशी मैना वजनाला आली. ११.३ किलो. डोळ्यांभोवती केस परत आले होते, डाव्या पायावर फक्त एक फिकट डाग. रक्त १३.१. ओठ उचलायला गेले तर तिने माझा हात चाटला, आणि हिरड्या पाहायला मला तिला जरा धरावंच लागलं. गुलाबी. आजींनी पिशवीतून तिळगुळाबरोबर कॅलेंडरचं गुंडाळलेलं पान काढलं. एकादशी आणि चतुर्थीच्या मधल्या चौकोनांत त्यांनी पेन्सिलने लिहिलं होतं: मैनाची गोचिडाची गोळी, मैनाचं जंताचं औषध. पुढच्या वर्षीच्या रेबीजच्या तारखेसाठी चौकोन नव्हता, ती समासात लिहिली होती. ती बरोबर आहे का, एवढं त्यांना विचारायचं होतं.